रॉडच्या पोटातलं पाणी

युसूफ वडगावच्या शिवारात विहिरीचं काम कुठं चाललंय हे लांबूनच कळतं. उन्हाळ्यात, उलंगलेल्या काळ्या रानात, एखाद्या बांधामागून राखाडी धुराळ्याचा लोट वर येतो आणि वारा पडलेला असला तर तिथंच तरंगत राहतो. जवळ गेलं की विहिरीच्या कडेला ट्रॅक्टर, त्याच्यामागं बसवलेला कॉम्प्रेसर, त्यातून निघून खाली सोडलेली हवेची जाड नळी आणि तळाशी, चाळीस-पन्नास फुटांवर, मशिनीच्या दोन मुठी पोटाशी दाबून धरलेला माणूस दिसतो. मशीन दगडात रॉड ठोकत ठोकत फिरवते. रॉड आतून पोकळ असतो. त्या पोकळीतून हवा टोकापर्यंत जाते आणि भोकात तयार झालेलं दगडाचं पीठ फुंकून बाहेर काढते. ते पीठ गुडघ्यापासून तोंडापर्यंत उसळतं. चारी बाजूंनी खडकाच्या भिंती असल्यामुळं त्याला पळायला वाट नसते.

माझ्या मामांनी हे काम बावीस वर्षं केलं. तोंडाला पंचा गुंडाळून सकाळी उतरायचे, सांजच्याला वर यायचे तेव्हा भुवया, पापण्या, कानावरचे केस सगळं पांढरं झालेलं असायचं. मामी अंगणातच पाणी काढून ठेवायची. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी आलो की मला ते गिरणीतल्या दळणाऱ्यासारखे वाटायचे. आता मामांना ओट्यापासून न्हाणीपर्यंत जायचं तर मध्ये एकदा थांबावं लागतं. मशिनीच्या आवाजानं कान गेले आहेत, दोनदा हाक मारली तर एकदा ऐकू येते. एका दवाखान्यात त्यांना दोन वेळा टीबीची औषधं दिली, बेडक्यात जंतू सापडले नव्हते तरीही. दोन्ही वेळा मी सोबत होतो. वय विचारलं, बिडी ओढता का विचारलं, घरात कुणाला टीबी होता का विचारलं. काम काय करता, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे हेच मला माहीत नव्हतं.

मामांचा मुलगा आता तोच धंदा करतो. ट्रॅक्टर स्वतःचा आहे, हप्ते चालू आहेत. विदर्भातल्या भूमिगत खाणींत हीच मशीन पाणी सोडून चालवतात असं माझ्या वाचनात आलं, तेव्हा मी त्याला म्हटलं, चल, बघून येऊ. पाऊस लागला आणि विहिरींची कामं थांबली की आमचं निघायचं ठरलं. तसे निघालो.

आमचा हा भाग बालाघाटच्या डोंगररांगांचा आणि मांजरेच्या खोऱ्याचा. मांजरा बीड जिल्ह्यातच उगम पावते, केज तालुक्यात धनेगावला तिच्यावर धरण आहे आणि लातूर शहर त्या धरणावर अवलंबून. धरण आटलं म्हणून २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा मुलखात विहीर ही शेतकऱ्याची सगळ्यात मोठी गुंतवणूक असते. निम्मी माणसं ऊसतोडीला कारखान्यावर गेलेली असतात आणि मागं राहिलेल्यांच्या डोक्यात विहिरीचाच हिशेब चाललेला असतो. वरची काळी माती आणि मुरूम टिकावानं निघतो. त्याखाली लागतो तो काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर आहेत ते, एकावर एक रचलेले. पहार तिथं ठिणगी पाडते, पुढं जात नाही. पूर्वी वडार मंडळी सुतकी आणि छिन्नीनं भोक पाडून सुरुंग भरायची. एका भोकाला दिवस जायचा. कॉम्प्रेसर आला आणि तेच भोक काही मिनिटांत पडायला लागलं.

अंबाजोगाईला थांबलो ते योगेश्वरीच्या दर्शनासाठी, पण मामेभावाला मी मुद्दाम हत्तीखान्याकडं नेलं. जमिनीच्या पातळीखाली, एकाच खडकात कोरून काढलेली ती लेणी, अंगणात उभे दगडी हत्ती, मध्ये नंदीचा मंडप. सगळं आमच्याच काळ्या पाषाणातलं, सगळं हातानं. तो खांबांवरच्या छिन्नीच्या खुणांवरून बोट फिरवत बराच वेळ उभा होता. म्हणाला, "दादा, ह्येंच्याबी नाकात गेलंच असंल की." गेलंच असणार. पण छिन्नी दगडाची कपची उडवते, तिच्यासोबत जो भुगा पडतो तो बराचसा जाडा असतो आणि माणूसही तासाला थोडंच काम करतो. मशीन मिनिटाला हजारावर ठोके मारते आणि दगड फोडण्यापेक्षा दळते जास्त. दगडाच्या धुळीचा आजार फार जुना आहे. १५५६ साली छापलेल्या खाणकामावरच्या ग्रंथात जर्मन पंडित अग्रिकोला सांगतो, की कार्पेथियन डोंगरातल्या खाणींच्या गावांत एकेका बाईची सात-सात लग्नं झालेली असत, कारण धूळ नवऱ्यांना एकामागून एक घेऊन जाई. तेव्हा हातोडा होता. मशिनीनं त्याच आजाराचा वेग वाढवला.

परळीत वैद्यनाथाच्या कळसाइतकीच ओळखीची खूण म्हणजे औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या. १९७१ पासून इथं वीज होते. पाण्याअभावी २०१३ च्या दुष्काळात हे केंद्र बंद ठेवावं लागलं होतं, ती आठवण इथल्या प्रत्येकाला आहे. कोळसा मात्र आमच्या मातीतला नाही. लाव्हाच्या मुलखात कोळसा असलाच तर तो शेकडो मीटर थरांखाली गाडलेला. तो येतो विदर्भातून आणि तेलंगणातून, मालगाडीनं. फाटकापाशी आमची गाडी अडली आणि एक लांबच लांब मालगाडी पुढून गेली. आम्ही निघालो होतो ते तिच्या उलट दिशेनं, कोळसा जिथून निघतो तिथं.

नांदेड मागं पडलं, हदगावच्या पुढं पैनगंगा ओलांडली की मराठवाडा संपतो. माती तीच काळी, कपाशी तीच, सोयाबीन तेच. यवतमाळ, वर्धा करत नागपूरला पोचेपर्यंत जमिनीखाली काही बदलतंय असं वाटतच नाही. आणि मग नागपुरातच बदलतं. सीताबर्डीची टेकडी आमच्याच काळ्या पाषाणाची, लाव्हाच्या पसाऱ्याचं पूर्वेकडचं एक टोक. तिथून कामठीकडं निघालं की लाव्हाचं पांघरूण सरतं आणि कितीतरी जुने खडक उघडे पडतात. कामठीच्या वालुकाश्माला भूशास्त्रात कामठीचंच नाव आहे. कोळशाच्या थरांना गोंडवाना म्हणतात ते गोंडांच्या मुलखावरून. पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतली झाडं गाडली जाऊन हा कोळसा झाला. शाळेत गोंडवानालँड हा शब्द पाठ केला होता; तो इथल्या माणसांच्या नावावरून आला हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर भूगोल जास्त आवडला असता.

नागपूर हे वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय. इथं सगळे त्याला वेकोलि म्हणतात. १९७३ मध्ये कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ मध्ये ही कंपनी कोल इंडियाच्या छत्राखाली उभी राहिली. वेकोलि आणि राज्याच्या पर्यटन महामंडळानं २०१६ मध्ये खाण पर्यटन सुरू केलं, त्यात सावनेरची भूमिगत खाण आहे. आमच्यासारख्या बाहेरच्या माणसाला कोळशाच्या पोटात शिरायची ती वाट.

खाली जाताना खिशातली काडेपेटी, मोबाईल, बॅटरीचं काहीही वर ठेवावं लागतं. डोक्यावर टोपी, टोपीला दिवा, कमरेला श्वासाचा डबा. आत वायू झाला तर तो तोंडाला लावून बाहेर पडायचं. ऊन मागं राहिलं, तिरप्या बोगद्यातून उतरलो, आणि दिव्याच्या उजेडात पहिली गोष्ट दिसली ती ही, की कोळशाची खाण पांढरी आहे. भिंती पांढरट, छत पांढरट, पायाखालची वाटसुद्धा राखाडी. मी हात लावून पाहिला. बोटाला चुन्यासारखी भुकटी लागली, ती पुसली आणि मग आतला काळा, चकाकता कोळसा दिसला.

ही भुकटी चुनखडीची. कोळशाची बारीक धूळ हवेत उधळली आणि तिला ठिणगी मिळाली तर ती दारूसारखी पेटते. एका ठिकाणच्या स्फोटाचा धक्का पुढच्या बोगद्यात बसलेली धूळ उडवतो, ती पेटते, आणि आग स्वतःच स्वतःला पुढं नेत राहते. फ्रान्समध्ये कुरिएर इथं मार्च १९०६ मध्ये असं होऊन १०९९ माणसं गेली. आपल्याकडं धनबादजवळच्या कोळसापट्ट्यात, धोरीच्या खाणीत, २८ मे १९६५ ला २६८ माणसं गेली. म्हणून कोळशाच्या धुळीत न जळणारी दगडाची भुकटी मिसळून ठेवायची, म्हणजे उधळली तरी आग तिच्यातून पुढं सरकत नाही. धुळीला धुळीनंच मारायचं. मामेभावानं लगेच विचारलं, मग ही पांढरी भुकटी छातीत गेली तर? आम्हाला खाण दाखवणाऱ्या माणसाला प्रश्न आवडला. त्यानं सांगितलं, म्हणूनच चुनखडीची घेतात, हिच्यात मोकळी सिलिका, म्हणजे गारगोटीचा अंश, फार कमी असावी असा नियम आहे.

आम्ही चालू फेसपर्यंत, म्हणजे कोळसा तोडतात तिथवर, गेलो नाही, पण कामाची रीत समजावून घेतली. इथं बोर्ड अँड पिलर पद्धत. कोळशात आडवे-उभे बोगदे काढत जायचे आणि मध्ये कोळशाचेच चौकोनी खांब छताला आधार म्हणून सोडायचे. विजेच्या ड्रिलनं भोकं पाडायची, सुरुंग उडवायचा, धूर-धूळ निघून जाईपर्यंत थांबायचं, मग एसडीएल नावाची रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारी मशीन पुढं येऊन सुपात कोळसा भरते आणि बाजूच्या कन्व्हेअरवर ओतते. पूर्वी हे काम टोपलीनं व्हायचं. डोक्यावर टोपली घेऊन डब्यात कोळसा भरणाऱ्या माणसांच्या माना आणि गुडघे मशिनीनं वाचवले, हे मान्य केलंच पाहिजे. पण मशीन जितकी जोरात भरते तितकी धूळ उठते. सर्वांत जास्त उठते ती जिथं एका पट्ट्यावरून दुसऱ्या पट्ट्यावर कोळसा पडतो तिथं. त्या जागी पाण्याचे फवारे असतात, कोळसा पडायच्या आधीच भिजतो.

मला वाटलं होतं, मशिनी डिझेलच्या असतील आणि आत धूर असेल. इथल्या मशिनी विजेवर चालतात, मागं जाड केबल ओढत. डिझेलचा प्रश्न धातूंच्या खाणींत मोठा आहे. राजस्थानातल्या जस्ताच्या किंवा कर्नाटकातल्या हट्टीच्या सोन्याच्या खाणीत डिझेलचे लोडर आणि ट्रक जमिनीखाली फिरतात. डिझेलच्या धुरातले काजळीचे कण एका मायक्रॉनहूनही लहान, दगडाच्या धुळीपेक्षा खोल जाणारे. अमेरिकेत आठ बिगरधातू खाणींतल्या १२,३१५ कामगारांचा माग काढला, तेव्हा धूर जास्त तिथं फुप्फुसाचा कर्करोग जास्त असं दिसलं. तो अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं डिझेलचा धूर नक्की कर्करोग करणाऱ्यांच्या यादीत टाकला. सिलिकाची धूळ त्या यादीत १९९७ पासूनच आहे. धुराच्या या गोष्टीवरून मला आमच्या विहिरींतली इंजिनं आठवली. पाणी खोल गेलं की डिझेल इंजिन विहिरीतच खालच्या कट्ट्यावर उतरवतात. कोंडलेल्या धुरानं खाली गुदमरलेला माणूस आणि त्याला काढायला उतरलेला दुसरा, अशा बातम्या दर एक-दोन उन्हाळ्याला वाचायला मिळतात. भूमिगत खाणीला वर मोठा पंखा असतो, तो अष्टौप्रहर आतली हवा ओढून बाहेर टाकतो, ताजी हवा दुसऱ्या वाटेनं आत येते, बोगद्यांत पडदे लावून ती फेसपर्यंत वळवतात. विहिरीला पंखा नसतो.

नागपुरात खाणींतली धूळ मोजण्यात आयुष्य गेलेल्या एका निवृत्त गृहस्थांकडं संध्याकाळी बसलो. खाणकामगारांच्या आरोग्यासाठीची राष्ट्रीय संस्था इथंच होती. १९९० मध्ये स्थापन झाली, २०१९ मध्ये ती अहमदाबादच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेत विलीन करण्याचा निर्णय झाला. गृहस्थांनी टेबलावर काड्यापेटीएवढी एक वस्तू ठेवली. तिच्या एका तोंडाला गोल गाळणी. ही कामगाराच्या कॉलरजवळ अडकवतात, कमरेला छोटा पंप असतो, तो पूर्ण पाळीभर त्याच्या नाकाजवळची हवा ओढतो. हवा आत गरगर फिरते तेव्हा जाडी धूळ बाजूला पडते आणि फक्त बारीक कण गाळणीवर बसतात. पाळीआधी गाळणीचं वजन, पाळीनंतर वजन. मधला फरक म्हणजे त्या माणसानं दिवसभरात काय ओढलं त्याचा हिशेब.

"लोट दिसतो ती धूळ माणसाला मारत नाही," ते म्हणाले. ती नाकात, घशात अडकते, खोकून बाहेर पडते. केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. फुप्फुसातल्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोचतात ते कण पाच मायक्रॉनपेक्षा लहान, डोळ्यांना न दिसणारे आणि शांत हवेत तासन् तास तरंगणारे. शरीरातल्या सफाईच्या पेशी त्यांना गिळतात. सिलिकाचा कण गिळलेली पेशी मरते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते. होता होता त्या जागी व्रणाच्या गाठी होतात आणि फुप्फुस चामड्यासारखं ताठरतं. काम सोडलं तरी आजार थांबत नाही. त्यावर औषध नाही. अशा फुप्फुसाला टीबीही लवकर गाठतो, आणि एक्स-रेत दोन्हींची सरमिसळ होते. कोलारच्या सोन्याच्या खाणींत चाळीसच्या दशकात ७,६५३ कामगार तपासले, त्यातल्या शंभरात चव्वेचाळीसांना हाच आजार, सिलिकोसिस, निघाला.

आपल्या कोळसा खाणींत घनमीटर हवेला ३ मिलिग्रॅम बारीक धूळ, हा हिशेब वर्षानुवर्षं चालत आला होता. मिठाच्या चिमटीहूनही कितीतरी कमी वजन. धुळीत सिलिका पाच टक्क्यांहून जास्त असेल तर पंधराला त्या टक्केवारीनं भागायचं, म्हणजे पंधरा टक्के सिलिका असली की मर्यादा एकवर येई. अमेरिकेनं कोळशासाठी २०१६ पासून दीड मिलिग्रॅमची मर्यादा लावली. खाणीत नोकरीला लागताना तपासणी, मग ठरावीक काळानं छातीचा एक्स-रे. मामेभावानं विचारलं, "आणि हिरीतल्याला?" गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले. १९५२ चा खाण कायदा खनिज काढायला केलेल्या खोदकामाला लागू होता. पाण्यासाठी खणलेली विहीर त्यात बसत नव्हती. राजस्थाननं २०१९ मध्ये धुळीच्या आजारांसाठी धोरण केलं, त्यात खाणीबाहेरचे दगडकामगारही येतात, एवढं ते म्हणाले. आमचा पाषाण बेसाल्ट, त्यात मोकळी सिलिका कमी असते हेही त्यांनी सांगितलं. पण पाषाणाच्या पोकळ्यांत गारगोटी भरलेली असते, ती सिलिकाच. आणि बावीस वर्षं पुरेशी आहेत. मामांच्या एक्स-रेचे फोटो मी त्यांना दाखवले. निदान त्यांनी केलं नाही, ते डॉक्टरही नव्हते. फक्त म्हणाले, पुढच्या वेळी डॉक्टरांना काम आधी सांगा.

दुसऱ्या दिवशी ईशान्येकडं निघालो. कामठी, कन्हान, मनसर. मनसरच्या टेकड्यांवर वाकाटकांच्या काळातल्या वास्तूंचं उत्खनन झालं आहे, समोर रामटेकचा डोंगर, आणि शेजारीच मँगनीजची खाण. विटांचे दीड हजार वर्षांपूर्वीचे चौथरे आणि खाणीचा काळा ढीग एकाच नजरेत येतात. इथून भंडारा आणि मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यापर्यंत मँगनीजचा पट्टा पसरला आहे. बालाघाट हे नाव ऐकून मामेभाऊ चमकला. आमचा बालाघाट डोंगर आणि हा बालाघाट यांचं नावापलीकडं नातं नाही, पण त्या बालाघाटला भरवेलीत आशियातली सर्वांत खोल मँगनीज खाण आहे असं सांगतात. १८९६ मध्ये एका ब्रिटिश सिंडिकेटनं या पट्ट्यात सुरुवात केली, १९६२ मध्ये सरकारी कंपनी झाली, आता ती मॉइल. देशातलं जवळपास निम्मं मँगनीज इथून निघतं. ते पोलादात जातं, आणि डोंगरी बुजुर्गचं खनिज टॉर्चच्या सेलमध्येही.

या खनिजासोबतच्या खडकाला गोंडाइट म्हणतात. लुईस फर्मर या भूशास्त्रज्ञानं मँगनीजवरच्या १९०९ च्या मोठ्या ग्रंथात त्याचं सविस्तर वर्णन केलं. नाव गोंडांवरून. खडक कशाचा, तर एका जातीच्या गार्नेटचा आणि क्वार्ट्झचा. क्वार्ट्झ म्हणजे शुद्ध सिलिका. ज्यांच्या जमिनीवरून खडकाला नाव मिळालं त्यांच्यातलीच कितीतरी माणसं हा खडक फोडायला आत उतरली. आणि मँगनीजची स्वतःची धूळही निरुपद्रवी नाही. ग्लासगोचे डॉक्टर कूपर यांनी १८३७ मध्येच लिहून ठेवलं, की मँगनीज दळणाऱ्या कामगारांच्या पायांतली ताकद जाते, चाल अडखळते. ती धूळ मज्जासंस्थेवर जाते.

तुमसरहून तिरोडीला जाणारी रेल्वे गोबरवाही, डोंगरी बुजुर्ग करत याच मुलखातून जाते. चिखल्याची भूमिगत खाण गोबरवाहीजवळ. तिथं आम्ही आत गेलो नाही. एका गावात, ड्रिलर म्हणून निवृत्त झालेल्या काकांच्या अंगणात बसलो. भाताची रोवणी चाललेली, बांधापर्यंत पाणी, आमच्या डोळ्यांना हा सगळा पाण्याचा श्रीमंतपणा सवयीचा नव्हता. काका सत्तरीचे. ते बोलत होते, हसत होते, मध्येच उठून गाईला वैरण टाकून आले आणि बसल्यावर त्यांचा श्वास अजिबात चढलेला नव्हता. मामेभाऊ त्यांच्या छातीकडं बघत होता, मी मामेभावाकडं.

"पाणी नाई त ड्रिल नाई," काका म्हणाले. "आमच्या इथं पह्यले पाण्याची नळी, मंग हवेची."

गोठ्याजवळ एक लोखंडी रॉड खुंटी म्हणून ठोकलेला होता. काकांनी तो उपटून आणला, ओल्या चिंधीनं पुसला. षटकोनी, हातभर लांब, टोक झिजलेलं. मामेभावानं तो हातात घेतला, वजन जोखलं, म्हणाला, "ह्यो तर आपलाच रॉड हाय, दादा." मग एक डोळा मिटून रॉड आभाळाकडं धरला आणि मधल्या भोकातून बघितलं. काकांनी सांगितलं, ह्या भोकातून आम्ही पाणी सोडायचो. मशिनीच्या मागच्या बाजूला दोन तोंडं असतात, एक हवेचं, एक पाण्याचं. पाण्याची बारीक नळी मशिनीच्या मधून थेट रॉडच्या पोटात जाते. दगडाचं पीठ भोकाच्या तळाशीच भिजतं आणि चिखल होऊन बाहेर वाहतं. अंगावर चिखल उडे, थंडीत हात गारठत, सुरुवातीला कटकट वाटे. पण नाकात काही जात नसे.

रॉडला भोक पाडायची ही युक्ती कोलोरॅडोच्या जॉर्ज लेनर नावाच्या माणसाची, १८९७ च्या आसपासची. आधी त्यानं भोकातून नुसती हवा सोडली. मशीन झपाट्यानं चाले, पण धूळ इतकी उडायला लागली की खाणकामगारांनी ती चालवायला नकार दिला. मग त्यानं हवेसोबत पाणी सोडलं. तिकडं कोरड्या ड्रिलला बायकांना विधवा करणारी मशीन असंच नाव पडलं होतं. म्हणजे जी मशीन त्या कामगारांनी सव्वाशे वर्षांपूर्वी परत केली, ती आमच्या विहिरीत आजही तशीच चालते. मी हे सांगत होतो तेव्हा मामेभाऊ काही बोलला नाही. रॉड त्यानं अजून खाली ठेवला नव्हता.

परतीच्या वाटेत, यवतमाळच्या पुढं, तो एकदम म्हणाला, "पन पानी आनायचं कुठनं?" मला त्याचं लगेच उत्तर देता आलं नाही. ज्याच्या रानात पाणी नाही तोच विहीर खणतो. मे महिन्यात गावात टँकर चालू असतो, घागरी ओळीत असतात, आणि तेव्हाच विहिरींची कामं जोरात असतात. पाण्यासाठी विहीर, आणि विहिरीसाठी आधी पाणी. खाणीत पाणी उपसून फेकून द्यावं लागतं, म्हणून तिथं ते ड्रिलला सहज मिळतं. आमच्याकडं मालकाला सांगायचं, की भोकं पाडायला दोन ड्रम पाणी लागेल, तर तो दुसरा ट्रॅक्टरवाला बोलावील. तिथून नांदेडपर्यंत आम्ही हाच हिशेब करत होतो. एका भोकाला किती लागेल, दिवसाला भोकं किती, ड्रम केवढा, टँकरला पैसे किती. शेवटी रकमेत बघितलं तर सुरुंगाच्या एका दिवसाच्या खर्चापुढं ती मोठी नव्हती. पाण्याची जोडणी असलेली मशीन मिळते, पण महाग. तोवर काय करता येईल ते तो गाडीत बसूनच ठरवत होता.

दिवाळीनंतर मी पुन्हा युसूफ वडगावला गेलो. गावच्या खालच्या अंगाला एका रानात त्याचं काम चालू होतं. विहिरीच्या कडेला ट्रॅक्टरशेजारी दोनशे लिटरचा निळा ड्रम, त्याला तळाशी तोटी, तोटीपासून ठिबकची काळी नळी खाली पन्नास फुटांवर गेलेली. तेवढ्या उंचीवरून पाण्याला आपसूक जोर येतो. खाली दुसरा गडी नळीचं तोंड भोकाच्या तोंडाशी धरून उभा. खाणीसारखं पाणी रॉडच्या पोटातून जात नव्हतं. हवा अजून आतून फुंकतच होती, त्यामुळं थोडा धुराळा सुटायचा, विशेषतः भोक खोल गेलं की. तोंडाला दोघांनी कपड्याऐवजी फिल्टरचे मास्क लावले होते. पण भोकातून बाहेर येत होता तो बहुतेक राखाडी चिखल, आणि मामेभावाच्या पोटऱ्या गुडघ्यापर्यंत त्यानं माखलेल्या होत्या.

मामांना आम्ही मोटरसायकलवर मधे बसवून आणलं होतं. ते लांब लिंबाखाली बाजेवर टेकले होते, विहिरीच्या दिशेनं तोंड करून. मी जवळ गेलो तसे त्यांनी हातानं थांबवलं, दम घेतला आणि बांधाच्या वरच्या मोकळ्या आभाळाकडं बोट दाखवलं.

"मशीन बंद पडली का काय रं?"

मी त्यांच्या कानाशी वाकून जोरात सांगितलं, चालू आहे.